घरासाठी एलिप्टिकल ट्रेनर घेताय? आधी टेप काढा, ॲप नंतर बघा

जिममध्ये ज्या मशिनवर आपण उभं राहून, दोन्ही हातांनी दांडे पुढे-मागे ढकलत, हवेत चालल्यासारखं चालतो, ते मशिन म्हणजे एलिप्टिकल ट्रेनर. आपल्याकडे दुकानात त्याला सर्रास ‘क्रॉस ट्रेनर’ म्हणतात. पायाचा मार्ग लंबगोल असतो, म्हणून हे नाव. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या प्रीकॉर कंपनीने ते बाजारात आणलं आणि काही वर्षांतच ते ट्रेडमिलच्या शेजारी जाऊन उभं राहिलं. कारण साधं आहे. पाय पेडलवरून उचललाच जात नाही, त्यामुळे धावताना प्रत्येक पावलाला गुडघ्याला जो दणका बसतो तो इथे बसत नाही.

आता हे मशिन घरी घ्यायचं म्हटलं की आपण काय करतो? फोन काढतो, शॉपिंग ॲपमध्ये सर्च करतो, ‘ब्लूटूथ’, ‘ॲप सपोर्ट’, ‘३२ लेव्हल’, ‘एलसीडी डिस्प्ले’ असे शब्द वाचतो आणि सेलमध्ये ऑर्डर करून टाकतो. माझ्या एका मित्राने असंच केलं. मशिन आलं, जोडलं, तो वर चढला आणि डोकं थेट माळ्याला! बेडरूममध्ये दुसरी जागा नव्हती. आज त्या मशिनवर टॉवेल वाळतात. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवलाय: आधी घर आणि शरीर, मग मशिन, आणि शेवटी फोन.

घरात मावेल का? लांबी-रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची

घरगुती मशिन साधारण ४ ते साडेपाच फूट लांब आणि २ फूट रुंद असतं. एवढी जागा टेपने मोजून जमिनीवर खडूने आखा. मागच्या बाजूने चढता-उतरता यावं म्हणून तिथे आणखी २ फूट मोकळे हवेत, आणि बाजूला किमान दीड-दोन फूट.

पण खरी गंमत उंचीत आहे. पेडल फिरताना वर-खाली होतं आणि त्याच्याबरोबर आपणही. हिशोब असा करा:

पेडल सर्वात वर असताना जमिनीपासून त्याची उंची + घरातल्या सर्वात उंच माणसाची उंची + ६ इंच.

समजा पेडल वर असताना १५ इंचांवर येतं आणि तुमची उंची ५ फूट १० इंच, म्हणजे ७० इंच आहे. १५ + ७० + ६ = ९१ इंच, म्हणजे ७ फूट ७ इंच. आपल्या फ्लॅटचं छत बहुतेक वेळा ९ फुटांच्या आसपास असतं. छत अडवत नाही. अडवतो तो पंखा. पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली असतील तर ती ८ फुटांवर फिरतायत आणि तुमचं डोकं त्यांच्या खाली जेमतेम वीतभर. मशिन पंख्याच्या बरोबर खाली ठेवायचं नाही, बाजूला सरकवायचं. आणि माळ्याखाली तर विचारच करू नका. तिथे एरवी वाकूनच जावं लागतं.

एक काळजी घ्या. वेबसाइटवर ‘स्टेप-अप हाइट’ लिहिलेली असते ती बऱ्याचदा पेडल सर्वात खाली असतानाची असते, म्हणजे चढायला किती पाय उचलावा लागेल ती. आपल्याला हवी ती सर्वात वरची. दिली नसेल तर दुकानात जाऊन मोजा किंवा विक्रेत्याला विचारा.

बाल्कनीत ठेवणार असाल तर पुन्हा विचार करा. मुंबई-कोकणाच्या पावसात बोल्ट आणि मागचे रूळ गंजायला एक पावसाळा पुरतो. आणि हो, सोसायटीच्या लिफ्टचं दार मोजलंत का? चांगल्या मशिनचा बॉक्स ४०–६० किलोचा असतो. चौथ्या मजल्यावर जिन्याने चढवायचा झाला तर डिलिव्हरीवाला ‘दादा, गेटपर्यंतच आहे’ म्हणून मोकळा होतो. ऑर्डर करण्याआधी ‘घरात आणून देणार की गेटवर’ हे चॅटवर लिहून घ्या.

स्ट्राइड: ज्यावर सगळं अवलंबून आहे

एक पेडल सर्वात पुढे आणि दुसरं सर्वात मागे असताना दोन्ही पेडलच्या पुढच्या टोकांमध्ये जे अंतर पडतं, ते म्हणजे स्ट्राइड लेंग्थ. तुमचं पाऊल किती लांब पडेल ते यावर ठरतं. जिममधल्या मशिनचा स्ट्राइड २० इंचांच्या आसपास असतो. स्वस्त घरगुती मशिनचा १२ ते १४ इंच. आकडा छोटा वाटतो, पण पायाला फरक लगेच कळतो. १२ इंचांवर चालल्यासारखं वाटत नाही, जिना चढतोय किंवा एका जागी उड्या मारतोय असं वाटतं.

अंदाजे हिशोब: उंची ५ फूट ३ इंचांपर्यंत असेल तर १४ ते १६ इंच चालतील, ५ फूट ७ इंचांपर्यंत १६ ते १८, आणि त्याहून उंच असाल तर १८ ते २०. हा नियम नाही, ठोकताळा आहे. घरात आई आणि तुम्ही दोघंही वापरणार असाल आणि उंचीत बराच फरक असेल तर मधला आकडा धरा.

आता इथे कोंडी होते. ‘कॉम्पॅक्ट’ मशिन जागा कमी घेतं ते बहुतेक वेळा स्ट्राइड कापूनच. जागा नाही म्हणून १२ इंचांचं घ्यायचं की घ्यायचंच नाही? माझं मत विचाराल तर उंच माणसाने घेऊच नये. त्या पैशात चांगले बूट आणि दोरीच्या उड्या येतात. कमी उंचीच्या माणसाने मात्र दुकानात पाच मिनिटं चालवून बघून ठरवावं. पाच म्हणजे पाच, अर्धा मिनिट नाही. घरच्या बुटांवर जा. दुसऱ्याच मिनिटाला कंबर किंवा गुडघा कुरकुरला तर ते मशिन तुमचं नाही.

चालवताना आणखी एक बघा: दोन पेडलमधलं आडवं अंतर. ते जास्त असेल तर पाय फाकवून चालावं लागतं आणि त्याचा ताण कंबरेवर येतो. जितकं कमी, तितकं नैसर्गिक.

शॉपिंग ॲपवर ‘ऑर्बिट्रेक’ नावाने सीट लावलेली टू-इन-वन मशिनही दिसतील. सायकल पण आणि क्रॉस ट्रेनर पण. ऐकायला मस्त वाटतं, पण यात स्ट्राइड फारच छोटा असतो आणि सांगाडा हलका, त्यामुळे जोरात चालवलं की सगळं डुलतं. सायकलच हवी असेल तर सरळ सायकल घ्या.

लेव्हल कशी बदलते, आणि ॲपला ती बदलता येते का?

मशिनच्या आत एक जड चाक असतं, फ्लायव्हील. पेडल मारलं की ते फिरतं. त्याच्या कडेजवळ चुंबक असतात, पण ते चाकाला टेकत नाहीत. धातूचं चाक चुंबकाजवळून फिरलं की धातूमध्ये छोटे छोटे विजेचे प्रवाह तयार होतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह चाकाच्या फिरण्यालाच विरोध करतात. लेंझचा नियम आठवतोय ना? तोच इथे आपला घाम काढतो. चुंबक जवळ आणला की विरोध वाढतो, लांब नेला की कमी होतो. घासणारं काही नाही, म्हणून आवाज कमी आणि झीजही कमी.

आता मुद्द्याचं. हा चुंबक हलवतं कोण?

साध्या मशिनमध्ये एक नॉब असतो. तो फिरवला की आतली केबल ओढली जाते आणि चुंबक सरकतो, सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखं. ८ लेव्हलची बहुतेक मशिन अशीच असतात. महाग मशिनमध्ये छोटी मोटर चुंबक हलवते, किंवा चुंबकाच्या जागी विद्युतचुंबक असतो आणि करंट कमी-जास्त करून विरोध बदलतो. यांना बटण असतं, आणि बहुतेकांना प्लग लागतो.

म्हणजे नॉबच्या मशिनवर ‘ॲप कनेक्टेड’ लिहिलं असलं, तरी ॲप फक्त वाचणार: वेग, वेळ, अंतर. स्क्रीनवर चढ आला म्हणून पेडल आपोआप जड होणार नाही. नॉब तुम्हालाच फिरवावा लागेल. बॉक्सवरची जाहिरात हे कधीच स्पष्ट सांगत नाही. ‘रेझिस्टन्स ॲपवरून बदलतो का?’ असा सरळ प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अर्थात नॉबचं मशिन वाईट नाही. लाइट गेली तरी चालतं, बिघडायला कमी आहे, आणि दोन-चार पैसे वाचतात. फक्त कशासाठी पैसे देतोय ते माहीत हवं.

फ्लायव्हील जितकं जड, तितकी चाल सलग. हलक्या चाकावर प्रत्येक फेरीत एक झटका जाणवतो. घरगुती मशिनमध्ये ४ ते १० किलोचं चाक दिसतं. सहाच्या खाली जायचं असेल तर चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि ‘मॅक्स युजर वेट’ तुमच्या वजनापेक्षा किमान १५–२० किलो जास्त असू द्या. ९५ किलोच्या माणसाने १०० किलोचं मशिन घेतलं तर ते मोडेल असं नाही, पण बोल्ट सैल होत राहतील.

ब्लूटूथ: लिहिलेलं असतं, पण कोणतं?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘ब्लूटूथ’ लिहिलंय याचे तीन वेगळे अर्थ असू शकतात. पहिला, मशिनमध्ये फक्त स्पीकर आहे आणि फोनवरची गाणी त्यावर वाजतात. हो, असंही असतं! दुसरा, मशिन फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपशी बोलतं. तिसरा, मशिन एफटीएमएस वापरतं.

एफटीएमएस म्हणजे फिटनेस मशीन सर्व्हिस. ब्लूटूथचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये आणलेली ही सर्वांसाठीची सामाईक भाषा. ट्रेडमिल, सायकल, रोइंग मशिन, क्रॉस ट्रेनर यांनी वेग, लेव्हल, पॉवर हे आकडे कोणत्या पद्धतीने पाठवायचे ते त्यात ठरवलंय. मशिन ही भाषा बोलत असेल तर किनोमॅपसारखी दुसरी ॲप्सही त्याला जोडता येतात.

याने काय फरक पडतो? कंपनीचं ॲप दोन वर्षांनी प्ले स्टोअरवरून गायब झालं, किंवा नव्या अँड्रॉइडवर उघडेनासं झालं, तर दुसऱ्या प्रकारच्या मशिनचं ब्लूटूथ कायमचं मुकं होतं. लोखंड दहा वर्षं टिकतं, ॲप टिकेलच असं नाही. एफटीएमएस असेल तर तुम्ही दुसऱ्या ॲपवर जाऊ शकता.

आणि हे तुम्ही स्वतः तपासू शकता. दुकानात, किंवा मशिन घरी आल्यावर रिटर्नची मुदत संपायच्या आत:

१. फोनमध्ये ‘एनआरएफ कनेक्ट’ हे नॉर्डिक सेमिकंडक्टर कंपनीचं फुकट ॲप टाका. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहे.
२. मशिनवर उभं राहून दहा-वीस सेकंद पेडल मारा. अनेक मशिन थांबलेली असताना झोपलेली असतात आणि फोनला दिसत नाहीत.
३. ॲपमध्ये स्कॅन करा, यादीतून मशिन निवडून कनेक्ट करा.
४. सर्व्हिसेसच्या यादीत ‘फिटनेस मशीन’ हे नाव किंवा १८२६ हा क्रमांक दिसला की काम झालं. नुसतीच ‘अननोन सर्व्हिस’ दिसली तर मशिन बहुधा फक्त स्वतःच्या ॲपचंच ऐकणार.

सेल्समनला ‘एफटीएमएस आहे का?’ विचारलं तर तो बहुतेक ‘हो सर, सगळं आहे’ म्हणेल. फोनची स्क्रीन मात्र खरं तेच सांगते.

फोन जोडताना अडलं तर

फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन मशिन ‘पेअर’ करायला जाऊ नका. इयरफोनसारखं ते तिथे जोडायचं नसतं, ॲपच्या आतूनच जोडायचं. अँड्रॉइड ११ किंवा जुनं असेल तर ॲपला लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि लोकेशन चालूही ठेवावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइस’ अशी वेगळी परवानगी असते. तीही नाकारलेली असेल तर ॲप नुसतं गोल-गोल फिरत बसतं. आणि बरीच मशिन एका वेळी एकाच ॲपशी बोलतात. एनआरएफ कनेक्ट मागे चालू राहिलं असेल तर दुसऱ्या ॲपला मशिन दिसणारच नाही. आधी ते पूर्ण बंद करा. घरात भावाच्या फोनने मशिन पकडून ठेवलं असेल, तेही बघा.

जोडलं गेल्यावर ॲपमध्ये हेल्थ कनेक्ट (अँड्रॉइड १४ पासून हे सेटिंगमध्येच असतं) किंवा आयफोनवर ॲपल हेल्थ चालू करा. म्हणजे ॲप बदललं तरी जुन्या नोंदी तुमच्याकडे राहतात. फक्त एक खबरदारी: हातातल्या घड्याळावरही तोच व्यायाम सुरू केलात तर एकाच अर्ध्या तासाच्या दोन नोंदी होऊ शकतात आणि कॅलरी दुप्पट दिसू शकतात. दोनपैकी एकच ठेवा.

कॅलरीच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

थोडाच. मशिनवर किंवा मॅन्युअलमध्ये एक छोटं लेबल शोधा. आयएसओ २०९५७ किंवा ईएन ९५७ या मानकांखाली मशिनचा वर्ग लिहिलेला असतो. त्यात एच म्हणजे घरगुती वापर, आणि पुढचं अक्षर अचूकतेचं: ए सर्वात अचूक, बी मधलं, सी सर्वात कमी. घरगुती मशिनवर अनेकदा ‘एचसी’ दिसतं. म्हणजे डिस्प्लेवरच्या आकड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका, हे कंपनीनेच सांगून ठेवलंय.

त्यातून अनेक साधी मशिन तुमचं वजनही विचारत नाहीत. मग ५० किलोच्या बहिणीला आणि ८५ किलोच्या तुम्हाला सारख्याच कॅलरी कशा दाखवतात, हे आता कळलं असेल. त्यापेक्षा हिशोब स्वतः करा. व्यायामांच्या संशोधकी यादीत, तिच्या २०११ च्या आवृत्तीत, मध्यम वेगाने एलिप्टिकल चालवण्याला ५ मेट दिलेत. सूत्र असं: मेट × वजन किलोत × तास. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास चालवलं तर ५ × ७० × ०.५ = १७५ कॅलरी. मशिन ४०० दाखवत असेल तर खूश होऊन वडापाव खायला निघू नका.

हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या धरून येणारे हृदयाचे ठोकेही हलत्या हातात चुकतात. ठोके बघूनच व्यायाम करायचा असेल तर छातीचा पट्टा घ्या.

जोडणी: घाई केली की आयुष्यभर कुरकुर

मशिन सुट्या भागांत येतं. सोबत ॲलन की आणि पाना असतो. दोन माणसं आणि दीड-दोन तास हाताशी ठेवा. बॉक्स उघडल्यावर आधी सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या यादीशी ताडून बघा. एक जरी कमी असेल तर जोडायला सुरुवात करण्याआधी फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओही काढा आणि बॉक्स निदान रिटर्नची मुदत संपेपर्यंत टाकू नका.

मशिन जिथे राहणार त्याच खोलीत जोडा, रबर मॅटवर. मॅट फरशीसाठी जितकी, तितकीच खालच्या मजल्यावरच्या काकांसाठी.

उभा खांब बसवताना आतली वायर चिमटली जाणार नाही याकडे लक्ष द्या. ही सगळ्यात सामान्य चूक. डिस्प्ले चालू होतो पण वेग शून्यच दाखवतो, याचं कारण बहुतेक वेळा ही वायर किंवा तिचा नीट न बसलेला जॉइंट असतो.

डावं-उजवं नीट बघा. भागांवर इंग्रजी एल आणि आर चिकटवलेलं असतं. काही मशिनमध्ये डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळले जातात. बोल्ट जात नाही म्हणून जोर लावलात तर आटे खराब होतील आणि तो भाग बदलावा लागेल. आधी हाताने दोन-तीन फेरे आत जातोय का बघा, मग पाना.

कोणताही बोल्ट सुरुवातीलाच पूर्ण आवळू नका. सगळे भाग हलके बसवा, मशिन सरळ उभं आहे ना बघा, आणि मग एकेक करून कसून आवळा. शेवटी पायाखालचे स्क्रू फिरवून मशिन डुलत नाही अशी लेव्हल करा. आठवड्याभराने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण ते हमखास थोडे सैल झालेले असतात. कुरकुर सुरू झाली तरी पहिला उपाय तोच. तेल नंतर. मागच्या रुळांवर सिलिकॉन आणि सांध्यांवर ग्रीस, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ बसून चिकट राप तयार होतो.

पहिले काही दिवस १० मिनिटंच चालवा. पूर्ण पाऊल पेडलवर, पाठ सरळ, आणि दांड्यांवर अंग टाकायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथे महिन्याभरात पोहोचलात तरी चालेल. हृदयाचा, गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आधीपासून असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वॉरंटी आणि सेकंड हँड

वॉरंटीत फ्रेमला किती, मोटर-डिस्प्लेला किती आणि पेडल-बेअरिंगला किती हे वेगवेगळं असतं. मोठ्या अक्षरातली वर्षं बहुतेक फ्रेमची असतात, आणि फ्रेम क्वचितच मोडते. तुमच्या पिनकोडवर माणूस घरी येतो का, हे विचारा. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवलंत तर घरगुती वॉरंटी जाऊ शकते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

बजेट कमी असेल तर ओएलएक्सवर जरूर बघा. नवं मशिन दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जातं, आणि जानेवारीत उत्साहाने घेतलेली पुष्कळशी मशिन जून-जुलैमध्ये जवळपास कोरी विकायला येतात. बघायला जाताना टेप, बूट आणि एनआरएफ कनेक्ट टाकलेला फोन घेऊन जा. स्ट्राइड मोजा. सर्वात हलक्या आणि सर्वात जड लेव्हलवर चालवून बघा, फरक जाणवत नसेल तर आतली केबल तुटलेली असू शकते. पेडल हातात धरून आडवं हलवा. ते खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बुश गेलेत, त्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा. आणि अडॅप्टर मूळचाच आहे ना ते बघा. दुसऱ्या व्होल्टेजचा अडॅप्टर लावून डिस्प्ले जाळल्याची उदाहरणं काही कमी नाहीत. मॅन्युअल हरवलं असेल तर मशिनवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर टाकल्यावर त्याची पीडीएफ बऱ्याचदा कंपनीच्या साइटवर मिळून जाते.